दोन तसू

स्टँडवर असते तेव्हा ती माझ्यापुढे बुटकी.
बसले की हिशेब फिरतो:
तीनशे साठ किलो मांड्यांमध्ये,
आणि टाचा हवेत,
जमिनीपासून दोन तसू वर.

सव्वीस वर्षं मी शावेशमध्ये शाळेची बस चालवली,
एक उशी पाठीला, एक बुडाखाली.
बारा टनांचं धूड घाटात वळवताना
कुणी नाही विचारलं, ग्रासिंदा, तुझी उंची किती?
बस थांबली की थांबते.
हिचं तसं नाही. ही थांबली
की मग खरं सुरू होतं.

फाउश्तीनु म्हणाला, सीटचा फोम कापून देतो,
पण माझं ऐकशील तर लहान गाडी घे.
फोम कापून घेतला.
पुढचं मला ऐकूच आलं नाही.

मग आमारु चांभाराकडे गेले.
त्याने बुटांच्या तळाला बुचाचा थर डकवला, वर रबर.
"आलेंतेजुचं बूच आहे," म्हणाला,
"पाण्यावर तरंगतं."
मला तरंगायचं नाही, आमारु.
मला टेकायचं आहे.

विला पोकाच्या पेट्रोल पंपावर ती पडली.
जोरात पडली असती तर बरं झालं असतं.
इतकी सावकाश गेली की मला
फरशीचा उतार दिसला, गटाराची जाळी दिसली,
डावा पाय जिथे जमीन शोधत होता
तिथे जमीन नव्हती हेही दिसलं.
गाय बसावी तशी बसली.
दोन पोरं धावत आली. मी त्यांना हातानेच थांबवलं.
हँडल पूर्ण वळवलं,
तिच्याकडे पाठ केली, कुल्ले सीटला लावले,
आणि गुडघ्यांच्या जोरावर
एकेक पाऊल मागे, मागे, मागे.
उभी राहिली.
पोरांतला एक हळूच म्हणाला, "ही आमची बसवाली."

त्यानंतर दर रविवारी, बाजार उठल्यावर
कोबीच्या पानांतून मी थांबायला शिकले.
चालवायचं काय, ते येत होतंच.
फळीवरचा डबा काढताना जशी चवड्यांवर ताठ होते
तशी गाडीवर व्हायची, दोन्हीकडे, थरथरत.
ते सोडलं.
आता सीटवरून डावीकडे सरकते,
डावा पाय टाचेसकट खाली,
उजवा ब्रेकवर, वरच.
दोन अर्ध्यांपेक्षा एक अख्खा.

आणि जमीन वाचते.
उंच माणसांना ती वाचावी लागत नाही.
मला दोनशे मीटर आधीपासून लागते:
खडी कुठे, तेलाचा डाग कुठे,
रस्ता कुठल्या अंगाला कलतो.
ज्या चौकातून सव्वीस वर्षं गेले
तो उजवीकडे उतरता आहे
हे मला एकोणसाठाव्या वर्षी कळलं.

मे महिन्यात शून्याच्या दगडापासून निघाले.
दोउरूच्या वळणांवर ती कागदाची होती.
चालती असली की वजन कुठे जातं
मला अजून सांगता येत नाही.
तिसऱ्या दिवशी बुचाचे ओक लागले,
साल काढलेले, कमरेपर्यंत लाल,
ज्या वर्षी सोलले त्याचा शेवटचा आकडा
अंगावर पांढऱ्या रंगात.
एकाखाली थांबले, सपाट जागा बघून.
बुटाचा तळ उलटा करून पाहिला.
यातलं कुठलं झाड, कोण जाणे.
पुन्हा साल यायला नऊ वर्षं लागतात म्हणे.
नऊ वर्षांनी मी अडुसष्ट.

आल्मोदोव्हरच्या चढावर लाल दिवा.
चढ, आणि वर डावीकडे खळगा.
सरकले. टाच टेकली.
दारात खुर्ची टाकून बसलेला म्हातारा
शेंगांची टरफलं झटकत बराच वेळ बघत होता.
"बाई," तो म्हणाला,
"पाय पोचत नाहीत की तुमचे."

"एक पोचतो," मी म्हटलं.

त्याने पुढे वाकून खात्री करून घेतली.
दिवा हिरवा झाला तरी
तो माझ्या बुटाकडेच बघत होता.